फुलीपुढची तारीख

“जीप आली गं साळे!” आय ओरडली आणि ताकाचं गाडगं तिथंच सोडून अंगणात पळाली.

मी कान दिला. खाली दरीतून घरघर येत होती. आमच्या धनगरवाड्यावर तेव्हा मोजून तीन घरं, तीही एकमेकांपासून हाकेच्या पलीकडं. रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपायचा, पुढं तासाभराची चढण. जीप म्हणजे एकतर जंगलखात्याची, नाहीतर पोलिसांची. पण जंगलखात्याला आय कधी भ्याली नव्हती. रखवालदार वर आला तर ती त्यालाच फैलावर घ्यायची. आज मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आबा अंगणात लाकडं रचत होते. तिनं त्यांच्या हातातला ओंडका काढून टाकला आणि दंडाला धरून त्यांना गोठ्याकडं ढकललं.

“आत व्हा. म्हशीच्या पल्याड बसा. मी हाक मारस्तवर भाईर यायचं न्हाई.”

आबा निमूट आत गेले. निमूट नाही तर काय करतील, माझे आबा मुके. शिवाय अंगभर कोड. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, उन्हात गेले की लालबुंद व्हायचे. डोकं कायम भादरलेलं, वर मुंडासं. बाजारात कुणी विचारलं तर आजा एकच सांगायचा, “जावाय हाय माजा. कोड उठलंय, मुकाबी हाय.” कोड म्हटलं की लोक चार पावलं मागं सरायचे. डोळे वर करून तोंडाकडं कोण बघतोय?

त्या कोडापायी माझी दोन स्थळं परत गेली होती. मीही बापासारखी उजळ, घारी. बघायला आलेल्या बाया कुजबुजायच्या, “आज न उद्या हिलाबी उठतंय बगा.” मी विशीला टेकले होते आणि बापाच्या कातडीचा मला मनातून राग होता. आता सांगायला लाज वाटते, पण होता.

“कोण येतंय आय? आबांनी काय केलंय?”

“काय केलं न्हाई. कुनी इचारलं तर हितं कंदी गोरा आला न्हाई. येवढंच बोलायचं.”

“गोरा? कुठला गोरा?”

“साळे, तोंड मिट!”

तिनं माझं मनगट आवळून धरलं होतं. आयला भ्यालेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली. बिबट्या दाराशी आला तेव्हा पेटतं लाकूड घेऊन धावलेली बाई ती. तासभर आम्ही दोघी उंबऱ्यात बसून खालच्या वाटेकडं बघत राहिलो. ताक गाडग्यात तसंच पडून होतं.

आधी खाकी टोपी दिसली. मेलो, म्हटलं, पोलीसच. पण टोपीखाली निघाला एक वाळकुडा म्हातारा, धोतर खोचलेला, धापा टाकणारा. त्याच्यामागं एक गोरी बाई. तीस-पस्तिशीची असेल. पायात बूट, खांद्यावर पिशवी, तोंड लालबुंद झालेलं. ते लाल तोंड बघितलं आणि माझ्या मनात काहीतरी चमकून गेलं, पण मी ते तिथंच दाबलं.

“घाबरू नका बाई,” म्हातारा म्हणाला, “आम्ही सरकारी माणसं नव्हे. मी भोरचा, चित्राव मास्तर. ह्या गिझेलाबाई, जर्मनीहून आल्यात. घोटभर पाणी मिळेल का?”

मी पाणी दिलं. आयनं बसा म्हटलं नाही. आमच्याकडं दारी आलेल्या माणसाला बसा म्हटलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. मास्तर आपणच ओट्याच्या कडेला टेकला.

“लढाईच्या वेळी इंग्रजांनी जर्मन माणसं पुरंदरावर डांबली होती,” तो सांगायला लागला. “ह्यांचे वडील त्यांत होते. अंटोन त्यांचं नाव. पुण्यात यंत्रांच्या कामाला आलेले. त्रेचाळीसच्या पावसाळ्यात ते गडावरनं पळाले आणि पुढं पत्ता नाही. या बाई घराण्याचा इतिहास लिहितायत. दोनशे वर्षांमागचे पूर्वज हुडकून काढलेत हो यांनी! एवढा सख्खा बाप तेवढा सापडत नाही.”

“मग त्येला आमच्या हितं हुडकायचा?” आय फणकारली. “कड्यावरनं पडला आसंल. वाघानं खाल्ला आसंल.”

मास्तरानं हे काही बाईला सांगितलं नाही. घसा खाकरून म्हणाला, “खालच्या बाजारातला म्हातारा वाणी म्हणतो, त्या साली वरचे धनगर त्याच्याकडनं हिवतापाचं कोयनेल न्यायचे. धनगराला झाडपाला सोडून कोयनेल कधीपासनं लागलं, म्हणून त्याच्या ध्यानात राहिलं. तुमच्याच वडिलांचं नाव घेतलं त्यानं.”

“वानी म्हातारचळलाय.”

तेवढ्यात गोठ्यात कुणीतरी खोकलं. गिझेलाबाईनं मान वळवली आणि मास्तराला काहीतरी विचारलं.

“आत कोण आहे?” मास्तर म्हणाला. “तुमचे यजमान का? त्यांना विचारू या की.”

आय सावरली. वीस-पंचवीस वर्षांची सवय होती ना.

“मुके हायती ते. आन अंगभर कोड हाय. मानसांम्होरं येत न्हाईत.”

“असू द्या, असू द्या,” मास्तर झटकन म्हणाला आणि ओट्यावर दोन विती अलीकडं सरकला. शिकलेला माणूस, पण सरकला. मला नेहमी या सरकण्याचा राग यायचा. त्या दिवशी देवाचे आभार मानले.

बाईनं पिशवीतनं एक फोटो काढला आणि माझ्यापुढं धरला. दाट केसांचा, मधोमध भांग पाडलेला एक तरणाबांड गडी खदाखदा हसतोय आणि त्याच्या कडेवर तीन-चार वर्षांची पोर. हा मी ओळखत नव्हते. हसणारा, केसांचा, भरल्या गालांचा माणूस मी कधी बघितलाच नव्हता. मी मान हलवणारच होते, तर माझी नजर फोटो धरलेल्या बाईच्या हातावर गेली. तिची करंगळी आत वळलेली होती, विळ्यासारखी. फोटोतल्या माणसाचीही तशीच.

माझीही तशीच आहे. आबांचीही.

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. आयचं “कंदी गोरा आला न्हाई” आता कळलं. कोड नव्हतंच. माझा बाप गोरा होता, पळालेला होता, आणि आज त्याला न्यायला माणसं आली होती. पळालेल्या कैद्याचं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं, पण आजाच्या गोष्टींत पळालेल्याला फासच होता. इंग्रज जाऊन वीस वर्षं झाली होती, हे त्या घटकेला सुचतंय कुणाला? मला एवढंच दिसत होतं की आबांना दोर लावून खाली नेतायत.

“ओळखीचा वाटतो का गं मुली?” मास्तरानं विचारलं.

“न्हाई जी.”

बाईनं सुस्कारा सोडला. फोटो पिशवीत ठेवला आणि उठली. मला वाटलं सुटलो. दोन पावलं चालली आणि अंगणात थबकली.

ती लाकडांकडं बघत होती. आमच्या डोंगरात सगळे जण लाकडं भिंतीला लावून सरळ रचतात. आबा तसं रचत नसत. ते गोल रचायचे. ओंडक्यांची तोंडं सगळी बाहेर, मध्ये पोकळी, वर निमुळतं करत न्यायचं आणि माथ्यावर साली वर करून छप्पर घालायचं, कणगीसारखं. कितीही पाऊस पडो, आतलं लाकूड कोरडं ठणठणीत. बाईनं त्या ढिगावर हात ठेवला. मास्तराला ती भरभर सांगायला लागली.

“बाई म्हणतात, त्यांच्या गावी घरोघरी लाकडं अशीच रचतात. अश्शीच. इथं ही कुणी रचली?”

आयची नजर गोठ्याकडं गेली. मी बघितलं, ती आता फुटणार. अजून एक प्रश्न, की ती धाय मोकलून रडणार आणि सगळं संपणार.

“आय खोटं बोलली,” मी म्हणाले.

आय गर्रकन वळली.

“आला होता एक गोरा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. “माझ्या आजानं ठेवून घेतला. आय भिते, म्हणून सांगत नाही. ही लाकडं रचायला त्यानंच शिकवलं आजाला. आमच्यात तेव्हापासनं अशीच रचतात.”

“आणि पुढं?” मास्तर उठून उभा राहिला. “पुढं काय झालं त्याचं?”

“मेला.”

कुठून आलं तोंडात देव जाणे. आयचा हात तिच्या कुंकवावर गेला, कुणीतरी ते पुसायला आल्यासारखा.

“हिवतापानं मेला. त्याच पावसाळ्यात.”

मास्तरानं बाईला सांगितलं. मग तिनं एकच प्रश्न विचारला, आणि तो मास्तरानं सांगायच्या आधीच मला कळला. कुठं पुरलाय?

गोठ्यामागं करंजाखाली दगडांची रास होती. आमचा कुत्रा ढाण्या बिबट्यानं मारला, त्याला आदल्या साली आबांनी तिथं पुरला होता. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले होते. मी त्यांना तिथं घेऊन गेले. हे माझं पाप. लपवत नाही.

बाई राशीपुढं गुडघ्यावर बसली. पिशवीतनं जाड वही काढली. पानापानावर नावं लिहिलेली, एका नावाखाली दुसरं. प्रत्येक नावापुढं एक चांदणी आणि तारीख, मग फुली आणि तारीख.

“चांदणी म्हणजे जन्म, फुली म्हणजे मरण,” मास्तर हळू आवाजात म्हणाला. “त्यांच्यात तशी रीत आहे. ह्या एकाच नावापुढं फुलीची जागा कोरी आहे बघ. तिची आई पंचवीस वर्षं फाटकाशी जाऊन उभी राहायची म्हणे, आज येईल, उद्या येईल. गेल्या वर्षी वारली. म्हणून ही आता निघाली. दिवस सांगता येईल का गं?”

“बेंदराच्या दुसऱ्या दिवशी,” मी म्हणाले. तो ढाण्याचा दिवस होता. दुसरा कुठला दिवस मला सुचला नाही.

मास्तरानं बोटांवर हिशेब घातला. त्रेचाळीसचा बेंदूर सतरा जुलैला, म्हणजे दुसरा दिवस अठरा. बाईनं लिहिलं. लिहून झाल्यावर तिनं वही मिटली आणि दगडांवर डोकं ठेवून रडायला लागली. मोठ्यानं नाही. लहान पोर झोपेत हुंदके देतं तसं. मधूनमधून एक शब्द म्हणत होती, तो बाबा असणार. दुसरा काय असणार?

गोठ्याची मागची भिंत कारवीच्या कुडाची, फटीफटीची. मी तिकडं बघितलं. एका फटीत आबांचा डोळा होता. मी जीव मुठीत धरून बघत राहिले. वाटलं, आता कूड फोडून बाहेर येतील. आले तर धरतील, न आले तर ही अशी रडत जाईल. मला दोन्हीचं भय वाटत होतं. फटीतला डोळा हलला. आबांनी मान हलवली. एकदा, सावकाश. नको.

जाताना बाईनं मला पोटाशी धरलं. मी हात पदराबाहेर काढले नाहीत. तिनं पत्त्याची चिठ्ठी माझ्या चोळीत खोचली आणि ती दोघं उतरून गेली. जीपची घरघर पार विरेपर्यंत आम्ही हललो नाही.

मग आयनं माझ्या कानफटात मारली.

“जित्या मानसाला मेला म्हनलीस? माज्या कपाळाम्होरं?”

“जित्याला मेला म्हटलं की आयुष्य वाढतं म्हणतात,” मी म्हणाले आणि रडायला लागले. तिनं मला जवळ ओढलं आणि तीही रडली.

गोठ्यात आधी मी गेले. आबा कुडाला टेकून बसले होते. मुंडासं सुटून खाली लोळत होतं आणि त्याचं एक टोक आबांच्या तोंडात कोंबलेलं होतं. पार घशापर्यंत. गाल फुगलेले, डोळे तांबडे. मी ते टोक ओढून काढलं. कापड थुंकीनं भिजलं होतं आणि दातांनी फाटलं होतं.

मी तशीच कापड हातात धरून बसले. मुक्या माणसाला तोंडात बोळा कशाला लागतो?

“बोलतात ते?” मी आयला विचारलं.

आय दारात होती. “म्हशीसंगं,” ती म्हणाली. “फाटंचं, धार काढताना. त्येंच्या बोलीत. तू उठायच्या आदी.”

“आणि तुझ्याशी?”

“लगनाआदी बोलले. तितं बायकू हाय, लेक हाय, समदं सांगितलं. लढाई सपली तवा मीच म्हनलं, आता कोन धरत न्हाई, जावा. तर म्हनले, दोन वरसं हितं कोडाचा मुका हून जगलो, तुला नवरा झालो, आता तितं तोंड दावायचं भ्या वाटतंय. त्येच्यानंतर मानसाशी बोलायचंच सोडलं.”

“मग तू कुणाला भीत होतीस, आय? पोलिसांना नाही?”

“पोलिसाला कशाला भिऊ?” आय म्हणाली. “गोरी बाई बाप हुडकत फिरतीया, बाजारात आयकलं व्हतं. लेक न्यायला आली तर बाप जानार न्हाई व्हय?”

आबा उठले. अंगणात गेले आणि त्या गोल ढिगातनं एकेक ओंडका काढायला लागले. सगळा ढीग मोडला. दिवस मावळेपर्यंत सगळी लाकडं त्यांनी भिंतीला सरळ लावली, लोक लावतात तशी. पुन्हा कधी गोल रचली नाहीत.

त्यानंतर आबा नऊ वर्षं जगले. रोज संध्याकाळी ढाण्याच्या राशीपाशी जाऊन बसायचे, तिनं डोकं ठेवलं होतं त्या दगडावर हात ठेवून. मी कोडामागचं खरं कुणाला सांगितलं नाही. तिसरं स्थळही परत गेलं. मग मी भोरला दवाखान्यात सुईणीचं काम शिकले आणि तिथंच राहिले. शेवटच्या दुखण्यात आबांनी आयला खूण केली, मला तिथं ठेव. ठेवलं. आम्ही ढाण्याला शेजारी सरकवला आणि त्या दगडांखाली आबांना पुरलं.

आय गेल्यावर मी पत्र लिहवून घेतलं. ते टाकायला पेटीपर्यंत तीनदा गेले आणि तीनदा परत आले. चौथ्यांदा डोळे मिटून टाकलं. सगळं लिहिलं होतं, कुत्र्यासकट. उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी बाई स्वतःच आली. केस पिकलेले, हातात काठी. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई दुभाष्या म्हणून बरोबर.

मी चढणभर भीत होते. त्रेचाळीस वर्षांची घोडी, पण पाय एकोणीस वर्षांच्या पोरीचे झाले होते. थुंकली तोंडावर तरी पुसायचं नाही, असं ठरवलं होतं.

ती राशीपाशी उभी राहिली. “आता खरंच इथं?” असं विचारलं. मी हो म्हणाले. वहीतली ती तारीख तिनं एका रेघेनं खोडली आणि मी सांगितलेली खरी तारीख लिहिली. मग म्हणाली, त्या दिवशी तो कुठं होता? मी गोठा दाखवला. तिनं राशीपासून कुडापर्यंत पावलं मोजली. एकवीस भरली. कुडावर कपाळ टेकून ती बराच वेळ उभी राहिली. मी तिच्या मागं उभी, आता वळेल आणि काय करेल, या धास्तीनं.

ती वळली. “आवाज कसा होता त्याचा, म्हातारपणी?” डॉक्टरीणबाईंनी तिचा प्रश्न मला सांगितला.

“मला काय ठाऊक, बाई,” मी म्हणाले. “मी कधी ऐकलाच नाही.”

तिला ते समजायला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंना दोनदा सांगावं लागलं. मग तिनं पुन्हा वही उघडली. आबांच्या नावाखाली तिच्या नावाशेजारी जागा होती. तिथं तिनं एक चांदणी काढली आणि माझं नाव विचारलं.

“साळू.”

तिनं लिहिलं. पेन खिशाला लावलं. मग घसा साफ केला आणि आवाज एकदम खाली नेला, जाड केला, पुरुषासारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कामावरनं आल्यावर तो फाटकातून अशी हाक मारायचा म्हणे. चार वर्षांची होती, पण तेवढं कानात राहिलंय.”

“गिझी—” तिनं हाक मारली. शेवटचं अक्षर लांबवून, किंचित वर नेऊन.

आणि मग त्याच आवाजात, तस्साच लांबवून,

“साळू—”

“ओ आबा,” मी म्हणाले.